पोर्टफोलिओच्या आधी: मॉडेलिंग एजन्सीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता

नव्या मुलामुलींचा पहिला मोठा खर्च बहुतेक वेळा चुकीच्या जागी होतो. कुणीतरी सांगतं, ‘आधी पोर्टफोलिओ करून घे.’ मग ओळखीच्या स्टुडिओत तीस-चाळीस हजार मोजून पाच पोशाख, तीन मेकअप, धूर, पंख्याच्या वाऱ्यावर उडणारे केस असं सगळं होतं. चेहऱ्यावरचा प्रत्येक तीळ पुसला जातो आणि तेच फोटो मुंबईच्या एजन्सीला जातात. तिकडे मेल उघडणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की मेकअप उतरल्यावर हा चेहरा कसा आहे. त्या फोटोंत नेमकं तेच नसतं, आणि पुढचा मेल उघडला जातो.

एजन्सी तुमचा चेहरा, उंची आणि बांधा क्लायंटपुढे ठेवते. काम मिळालं तर त्यातून कमिशन घेते. म्हणजे तिला जे विकायचं आहे, ते जसं आहे तसं आधी दिसलं पाहिजे. त्यामुळे पहिली तयारी जवळपास फुकटात होते. लागते ती एक भिंत, दिवसाचा उजेड, एक बरा फोन आणि मोजपट्टी.

कुठलं काम, हे आधी ठरवा

‘मॉडेलिंग’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळे धंदे आहेत. रॅम्प आणि फॅशन एडिटोरियलमध्ये (मासिकांतल्या फॅशनच्या फोटोंमध्ये) उंचीची अट कडक असते. मुलींना साधारण ५ फूट ८ इंच, म्हणजे १७३ सेंटिमीटर आणि त्यापुढे. मुलांना ६ फूट किंवा त्याच्या अगदी जवळ. याचं कारण व्यवहारी आहे. डिझायनर शोचे कपडे एकाच नमुना-मापावर शिवून आणतो आणि फिटिंगला येणाऱ्या प्रत्येकीला तेच घालून बघतो. दोन इंच कमी असणाऱ्या मुलीसाठी गाऊन कापायला तिथे कुणी बसलेलं नसतं.

जाहिरातींचं, म्हणजे कमर्शियल काम वेगळं. साबण, बँक, चहा, गृहप्रकल्पाचं होर्डिंग यात चेहऱ्यावर भाव उमटतात का, माणूस आपल्यातला वाटतो का, हे बघतात. इथे ५ फूट ३ इंचाची मुलगी आणि पन्नाशीचे काकाही भरपूर काम करतात. तिसरं ई-कॉमर्स आणि कॅटलॉग. झगमग कमी, पण काम नियमित. एका दिवसात चाळीस-पन्नास कपडे बदलावे लागतात आणि पन्नासाव्या कुर्त्यातही पहिल्याइतकंच ताजं दिसावं लागतं.

मराठी मुलामुलींनी चौथ्या एका बाजाराकडे लक्ष द्यावं: पुण्या-मुंबईचे सराफ, पैठणीची दुकानं, लग्नाचे दागिने. खोपा, नथ आणि नऊवारीत सहज वावरता येणं आणि तोंडात स्वच्छ मराठी असणं, ही तिथे जमेची बाजू आहे. पण ते फोटो नंतर. एजन्सीच्या पहिल्या मेलमध्ये नथ नको.

ज्यांना या धंद्याचं मराठी मूळ बघायचं असेल त्यांनी मधू सप्रे आणि उज्ज्वला राऊत यांच्या नव्वदच्या दशकातल्या छायाचित्रांवर नजर टाकावी. मधू सप्रे १९९२च्या मिस युनिव्हर्समध्ये तिसऱ्या आल्या. उज्ज्वला राऊत १९९६मध्ये ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ ठरल्या. दोघींचे चेहरे रूढ अर्थाने ‘गोड’ नाहीत. त्यात हाडं आहेत, कोन आहेत. ‘तुझी मुलगी किती सुंदर, मॉडेलिंगला घाल’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांची सौंदर्याची कल्पना आणि एजन्सीची कल्पना यात पुष्कळ अंतर असतं, दोन्ही बाजूंनी.

माप घेणं

दुसऱ्याकडून माप घ्या. स्वतःच्या हाताने घेतलं की पट्टी तिरकी जाते. उंचीसाठी अनवाणी, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला लावून उभं राहा. डोक्यावर पुस्तक काटकोनात ठेवून खूण करा आणि मग मोजा. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच भरतो, म्हणून दुपारनंतरचं माप धरा. एजन्सीत तुम्ही बहुधा दुपारीच उभे असणार.

मुलींनी छाती सर्वांत भरलेल्या भागावर, कंबर सर्वांत बारीक जागी (बहुधा बेंबीच्या इंच-दीड इंच वर) आणि नितंब सर्वांत रुंद जागी मोजावेत. पट्टी जमिनीला समांतर, पोट न ओढता. मुलांनी छाती, कंबर, खांदा, कॉलर आणि पायाच्या आतल्या बाजूची लांबी. दोघांनीही बुटाचा नंबर, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, टॅटू किंवा मोठा व्रण असल्यास कुठे, हे लिहावं.

उंचीत इंचभर वाढवून लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. भेटीला गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत भिंतीला उभं करतात, आणि तिथे खोटं पडलं की प्रश्न फक्त इंचाचा उरत नाही. क्लायंटकडे या व्यक्तीचं नाव पाठवलं तर ती आणखी काय लपवेल, असा विचार बुकर, म्हणजे एजन्सीत मॉडेल्सना कामं लावून देणारा माणूस, करतो.

डिजिटल्स: साधे फोटो, पण नीट काढलेले

या फोटोंना धंद्यात ‘डिजिटल्स’ किंवा जुन्या सवयीने ‘पोलरॉइड’ म्हणतात. कपडे अंगाबरोबर बसणारे: मुलींसाठी काळा किंवा पांढरा स्लीव्हलेस टॉप आणि स्किनी जीन्स किंवा काळे लेगिंग्ज, मुलांसाठी साधा टी-शर्ट आणि जीन्स. छापील मजकूर, दागिने, घड्याळ, गॉगल, मनगटातला धागा, सगळं उतरवा. मेकअप नाही. काजळसुद्धा नाही, आणि इथेच बहुतेक जणी अडतात. केस धुतलेले, न सेट केलेले. मुलांनी दाढी ठेवायची असेल तर ठेवा, पण एक संच गुळगुळीत दाढीचाही असू द्या.

जागा म्हणजे पांढरी किंवा फिकट राखाडी भिंत. खिडकी तुमच्या समोर किंवा किंचित बाजूला हवी, मागे नको. बाहेर काढत असाल तर इमारतीच्या सावलीत, सकाळी आठ ते दहा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने डोळ्यांखाली खड्डे पडतात, आणि दुपारच्या उन्हात डोळे मिचकावले जातात.

फोटो काढणारा फोनचा मागचा कॅमेरा वापरेल आणि दोन-अडीच मीटर लांब उभा राहील. चेहऱ्यासाठी जवळ यायचं नाही, २ एक्स झूम वापरायचा. जवळून साध्या लेन्सने काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. कित्येक बरे चेहरे एवढ्यावरच मागे पडतात. पूर्ण अंगाच्या फोटोला कॅमेरा तुमच्या पोटाच्या उंचीवर हवा. डोळ्यांच्या उंचीवरून काढला तर पाय आखूड दिसतात, जमिनीवर बसून काढला तर खोटे लांब, आणि सराईत नजरेला दोन्ही कळतं. अनेक फोनमध्ये ‘ब्यूटी’ मोड आपोआप चालू असतो. तो बंद आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा.

एवढे फोटो पुरतात:

- चेहरा समोरून, न हसता. चेहरा समोरून, दात दाखवून हसताना
- डावी बाजू, उजवी बाजू, आणि एक तीन-चतुर्थांश वळलेला
- केस बांधून चेहरा (कान आणि जबड्याची रेषा दिसली पाहिजे)
- कमरेपर्यंत समोरून
- पूर्ण अंग: समोरून, बाजूने, पाठमोरं

हात सैल सोडा. कमरेवर हात, ओठांचा चंबू, एक पाय पुढे, हे काही नको. बिकिनीतले फोटो पहिल्याच मेलमध्ये पाठवायची गरज नाही. स्विमवेअरचं काम करायची तयारी असेल तर तसं एका ओळीत लिहा. असे फोटो एजन्सीत, दुसरी बाई हजर असताना घेतले जातात. रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बॉडी चेक’साठी ते मागणारा माणूस कुठलाही असो, तो बुकर नाही.

दोन छोटे व्हिडिओ

पहिला ‘इंट्रो’, तीस-चाळीस सेकंदांचा: नाव, वय, उंची, शहर, कुठल्या भाषा येतात, मग डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही हात पुढून-मागून. हात कशाला, असं वाटेल. मोबाइल, अंगठी, क्रीमची डबी धरायची असते म्हणून. हिंदीत बोला, आणि इंग्रजी येत असेल तर दोन वाक्यं इंग्रजीत. मराठी हेल लपवायची धडपड करू नका. पाठ केलेलं वाक्य त्याहून जास्त खटकतं.

दुसरा चालण्याचा. सहा-सात मीटरचा मोकळा पॅसेज, मुलींसाठी चार इंची हील, मुलांसाठी साधे लेदरचे बूट. समोर या, दोन सेकंद थांबा, वळा, परत जा. नजर समोर सरळ, खांदे खाली, हात अंगालगत. कंबर मुद्दाम हलवायची नाही. टाच आधी टेकली आणि पावलं जवळपास एका रेषेत पडली की हवी तेवढी ती आपसूक हलते. गुडघे वाकवून चालणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक. तिचं मूळ हीलच्या भीतीत असतं, म्हणून महिनाभर घरात रोज वीस मिनिटं हील घालून वावरणं हाच त्यावर इलाज. शोमध्ये बूट मापाचे मिळतीलच असं नाही. एक नंबर मोठ्या बुटात टिश्यू कोंबून चालायची सवयही पुढे लागतेच.

पाठवायचं कुठे, कसं

फॅशनचं बरंचसं काम मुंबई आणि दिल्लीत एकवटलेलं आहे. मुंबईत ऑडिशनचा पसारा अंधेरी पश्चिमेत: वर्सोव्याचं आरामनगर, वीरा देसाई रोड, ओशिवरा. पण तिथे खोली घ्यायची घाई करू नका. नाशिक, कोल्हापूर, नागपूरहून मेल पाठवता येतो आणि पहिला होकार किंवा नकार तिथेच कळतो. होकाराआधी केलेल्या स्थलांतरात साठवणीचे पैसे भाड्यात जातात, आणि मग माणूस हातात येईल ते काम, येईल त्या अटीवर घेतो.

एजन्सीच्या वेबसाइटवर अर्जाचं पान असतं किंवा मेलचा पत्ता. तोच वापरा. इन्स्टाग्रामवर एजन्सीच्या नावाने आलेला मेसेज खरा आहे का, हे त्यांच्या वेबसाइटवरच्या क्रमांकावर फोन करून तपासा. एजन्सी पारखायची खूण म्हणजे तिची मॉडेल्स. वेबसाइटवरचे पाच-सहा चेहरे घ्या आणि गेल्या वर्षभरातल्या जाहिरातींत, शोमध्ये त्यांचं काम दिसतं का ते शोधा. हल्ली कामात टॅग केलेलं असतं, त्यामुळे हे अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्यासारखाच चेहरा आणि उंची असलेल्या तीन मुली आधीच तिथे असतील, तर चौथीला जागा कमी.

मेलच्या विषयात नाव, वय, उंची, शहर. आत चार ओळी, माप, इन्स्टाग्रामचा पत्ता. फोटो जेपीजी स्वरूपात, सगळे मिळून आठ-दहा एमबीच्या आत, प्रत्येक फाइलला तुमचं नाव. व्हिडिओ ड्राइव्हवर चढवून लिंक द्या, आणि ती लिंक कुणालाही उघडता येईल अशी ठेवा; ‘परवानगी मागा’ असं दिसलं तर कुणी मागत बसत नाही. ‘लहानपणापासून माझं स्वप्न’ हा परिच्छेद काढून टाका.

तीन-चार आठवड्यांत उत्तर नाही आलं तर तो बहुधा नकार. एकदा आठवण करा, मग सोडा. सहा महिन्यांनी केस, बांधा किंवा चेहऱ्यात खरा फरक पडला असेल तर नवे डिजिटल्स पाठवायला हरकत नाही. मुंबईतला लॅक्मे फॅशन वीक अलीकडे मार्चच्या सुमारास होतो. रॅम्पसाठी प्रयत्न करणाऱ्यांनी त्याच्या निदान दोन-तीन महिने आधी मेल पाठवलेला बरा. ऐन धामधुमीत नव्या चेहऱ्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

भेट

बोलावणं आलं तर कार्यालयात, दिवसा. कपडे डिजिटल्सचेच, पिशवीत हील. माप घेतील, फोटो काढतील, चालायला लावतील, थोडं बोलतील. शिकताय का, मुंबईत राहू शकता का, कुठलं काम करणार नाही, हे विचारतील. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरूनच ठरवून जा. अंतर्वस्त्रं, दारू, तंबाखू, पडद्यावरची जवळीक यातलं काय चालेल आणि काय नाही, हे तिथे स्पष्ट सांगितल्याने कुणी वाईट मानत नाही. सेटवर पोहोचून नकार दिला तर मात्र सगळ्यांचाच दिवस जातो.

पंधरा मिनिटांत भेट संपली म्हणून हिरमुसू नका. ती तेवढीच असते. आई, बाबा किंवा मोठी बहीण बरोबर आली तर चांगली एजन्सी त्यांना चहा देते. ज्या जागी ‘पालक नकोत’ असं सांगतात, तिथून परत फिरा.

करार: इथे वेळ घालवा

कराराची प्रत घरी आणा आणि दोन दिवस घ्या. ‘आत्ताच सही, नाहीतर जागा जाईल’ असं म्हणणाऱ्याकडे तुमच्यासाठी जागा बहुधा नसतेच.

करार एक्स्क्लुझिव्ह, म्हणजे फक्त याच एजन्सीमार्फत काम करण्याचा आहे का, आणि कशासाठी? फक्त फॅशन, की जाहिरात, वेब सिरीज, इन्स्टाग्रामवरची सशुल्क पोस्ट हे सगळं? तुम्ही स्वतः आणलेल्या कामावरही कमिशन लागणार का? मुदत किती? नव्यासाठी एक वर्ष बरं, तीन वर्षं लांब; शिवाय मुदत आपोआप वाढण्याचं कलम असेल तर ते सहसा शेवटून दुसऱ्या पानावर असतं. बाहेर पडायचं तर नोटीस किती दिवसांची? कमिशन साधारण २० ते ३० टक्के असतं. ते कापल्यावर तुमचे पैसे क्लायंटकडून जमा झाल्यापासून किती दिवसांत मिळतील, हा आकडा लिहून घ्या. बिल दिल्यावर क्लायंटकडून पैसे यायला दोन-तीन महिने लागणं या धंद्यात नेहमीचं आहे. त्यावर एजन्सीने आणखी दोन महिने लावू नयेत.

‘एजन्सी सुरुवातीचा खर्च करेल’ हे वाक्य गोड असतं. टेस्ट शूट (पोर्टफोलिओसाठी केलेलं शूट), कॉम्प कार्ड (मॉडेलचे फोटो आणि माप छापलेलं कार्ड), प्रवास यांचा खर्च पुढे तुमच्या मानधनातून वळता होणार असेल, तर कुठल्या कामाला किती आणि तुमच्या लेखी होकाराशिवाय नाही, असं घालून घ्या.

करार चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट चालते. करार संपल्यानंतरही अमुक वर्षं काम करायचं नाही, अशी अट मात्र भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम २७पुढे सहसा टिकत नाही. एजन्सीने आणलेल्या जाहिरातीचं नूतनीकरण तुम्ही सोडून गेल्यावर झालं, तर त्यावर तिने कमिशन मागणं मात्र रास्त आहे. हे दोन्ही एकात मिसळू नका.

वय अठराच्या आत असेल तर तुमच्या सहीला कायद्याने अर्थ नाही; करार पालकांमार्फत होतो. चौदा वर्षांखालच्या कलाकारांसाठी नियम आणखी कडक आहेत: दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, आणि मिळकतीतले निदान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत.

मानधनाचा हिशोब

समजा काम १,००,००० रुपयांचं आहे. २० टक्के कमिशन गेलं, ८०,००० उरले. त्यातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, गेला, हातात ७२,००० आले. ते ८,००० आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली जमा दिसतात का, ते बघा. दिसले नाहीत तर एजन्सीला लगेच विचारा, कारण विवरणपत्र भरल्यावर परतावा त्यातूनच मिळतो. बँक खातं आणि पॅनवरचं नाव एकच असू द्या; पडद्यावरचं नाव काहीही असो.

आकड्याहून महत्त्वाचा असतो वापर, धंद्याच्या भाषेत ‘युसेज’. तोच फोटो फक्त ब्रँडच्या इन्स्टाग्रामवर सहा महिने वापरला जाणं वेगळं आणि होर्डिंग, टीव्ही, पॅकेटवर कायमचा छापला जाणं वेगळं. माध्यम, प्रदेश, मुदत या तिन्ही गोष्टी लेखी हव्यात. ‘सर्व माध्यमं, जगभर, कायमस्वरूपी’ असं असेल तर दर त्या मानाने मागा. एका शाम्पूसाठी वर्षभर बांधले गेलात तर त्या वर्षात दुसरा शाम्पू गेला, त्याचीही किंमत असते. आणि आता कराराच्या तळाशी तुमच्या चेहऱ्यावरून कृत्रिम बुद्धिमत्तेने नवी चित्रं बनवण्याची परवानगी घातलेली सापडू शकते. ती वेगळ्या मानधनाशिवाय देऊ नका.

फसवणुकीचे ठराविक नमुने

पैसा क्लायंटकडून एजन्सीकडे आणि एजन्सीकडून तुमच्याकडे येतो. तो उलटा वाहू लागला की थांबा. नोंदणी फी, ‘कोऑर्डिनेटर कार्ड’, परत मिळणारं कॉस्च्यूम डिपॉझिट, ‘निवड झाली आहे, फक्त आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ’, परदेशी शूटच्या व्हिसाचा आगाऊ खर्च ही सगळी एकाच झाडाची फळं. रक्कम मुद्दाम अशी ठेवतात की गेली तरी माणूस पोलिसांत जाणार नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा. जितक्या लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

हॉटेलच्या खोलीत ‘ऑडिशन’ नसतं. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर मुलींना त्याविरुद्धच्या २०१३च्या कायद्याखाली तक्रार करता येते. दहाहून कमी लोकांची एजन्सी असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती त्यासाठीच आहे. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

सही झाल्यानंतरचे पहिले महिने

नाव वेबसाइटवर चढलं म्हणजे काम सुरू झालं असं नाही. आता एजन्सी टेस्ट शूट लावेल, म्हणजे नवा फोटोग्राफर, नवा मेकअप आर्टिस्ट आणि तुम्ही, तिघंही पैसे न घेता पोर्टफोलिओसाठी काम करता. चार-पाच चांगले फोटो जमले की कॉम्प कार्ड बनतं: साडेपाच बाय साडेआठ इंच, पुढे एक चेहरा, मागे तीन-चार फोटो आणि माप.

मग ऑडिशनचे मेसेज येऊ लागतील, बऱ्याचदा त्याच दिवशी सकाळी. पिशवी कायम भरलेली ठेवा: पांढरा टी-शर्ट, निळी जीन्स, काळी पँट, एक फॉर्मल शर्ट, एक साधा कुर्ता, त्वचेच्या रंगाची अंतर्वस्त्रं, हील, सेफ्टी पिना, कंगवा, पाण्याची बाटली. आरामनगरमध्ये दारातच ‘नॉट फिट’ ऐकू येईल, कधी नाव सांगायच्या आधी. ते ब्रीफबद्दल, म्हणजे क्लायंटने कसा चेहरा हवा म्हणून सांगितलंय त्याबद्दल असतं. त्या दिवशी त्यांना कुरळ्या केसांची, तिशीची आई हवी असते, एवढंच. केस कापायचे, रंगवायचे, टॅटू काढायचा असेल तर आधी बुकरला फोन करा, कारण तुमचा जुना फोटो बघून कुणीतरी कालच तुम्हाला पुढच्या मंगळवारसाठी होल्डवर ठेवलेलं, म्हणजे तुमची तारीख राखून ठेवलेली असू शकते.